पाखऱ्याचा टेम्पो

रामराजचा चढ अर्धा चढून टेम्पोने मान टाकली. आधी दोन आचके, मग एक लांब उसासा आणि इंजिन गप्प. काळूरामने ब्रेक दाबून धरला, विनेशने उडी टाकून चाकामागे दगड लावला आणि मागे हौद्यात उभा असलेला पाखऱ्या बैल असा फुरफुरला, की सगळी चूक ड्रायव्हरचीच.

"काका, ह्याला आजचाच दिस गावला काय?" विनेश म्हणाला. विनेश म्हणजे काळूरामचा पुतण्या. आज शर्यतीची गाडी हाकणारा तोच.

रेवदंड्याच्या पुळणीवर आज बैलगाड्यांची शर्यत. समुद्र काही कुणासाठी थांबत नाही. ओहोटी आहे तोवर वाळू घट्ट, भरतीचं पाणी चढलं की शर्यत बंद. पाखऱ्याच्या जोडीचा बैल दुसऱ्या मालकाचा, तो तिकडे कधीचा येऊन उभा होता. पण एका बैलाने गाडी पळते होय! त्यात पाखऱ्या म्हणजे कमळचा जीव. वितानाच गाय मेली तेव्हा तिने, काळूरामच्या बायकोने, वासराला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. त्याला एकदा पुळणीवर पळताना बघायचंय, एवढं एकच तिचं मागणं. ते राहिलंच. मागच्या पावसाळ्यात कमळ गेली. म्हणून आज काही झालं तरी पोचायचंच, असं काळूरामने मनाशी धरलं होतं.

तो खाली उतरला. डिझेल इंजिनाला डिझेल आणि हवा द्या, ते उगाच मरत नाही, हे त्याचं नेहमीचं बोलणं. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इंजिन तापलेलं नव्हतं, आत खडखड नव्हती. टाकी कालच भरलेली. मग दुखणं टाकी आणि इंजिनाच्या मधेच कुठेतरी. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून डिझेल ओढायचा हातपंप मारला. डिझेल आलं, पण कसं, तर रुसलेल्या सासूने चहा द्यावा तसं. थोडे बुडबुडे गेले, स्क्रू आवळला, चावी फिरवली आणि इंजिन धडधडलं. खास शर्यतीसाठी माहेरी आलेल्या त्याच्या मुलीने, किशोरीने, केबिनमध्ये टाळ्या वाजवल्या.

चढ संपला, दोन वळणं गेली आणि पुन्हा तोच उसासा.

आता मात्र विनेशचा धीर सुटला. पुळणीवरून फोन आला होता, आपला नंबर शेवटच्या फेरीत ढकललाय, पण पाणी हलायला लागलंय. बाजूने दुसऱ्या गावांचे टेम्पो वाजतगाजत जात होते. एकाने तर, बैलच जुंपा की टेम्पोला, असा शहाजोग सल्लाही दिला. पाखऱ्याला दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत चढवू, असं विनेश म्हणू लागला. काळूराम त्याच्यावर उखडलाच. परक्या टेम्पोत हा बैल पाय ठेवणार नाही, ठेवला तरी पळायचा नाही, असं सुनावून त्याने सीटखालचा नवा फिल्टर काढला आणि बसवलाही. तरी इंजिन ढिम्म.

तो पुन्हा हातपंप मारू लागला, तर दाबलेला दट्टा वरच येईना. आतून कुणी ओढून धरल्यासारखा. काळूरामचा हात थबकला. हे ओढतंय कोण? पंपाच्या मागे तर फक्त टाकी.

तो टाकीकडे धावला. झाकण सहजी फिरेना, फडक्याने धरून जोर लावला, तेव्हा सुटलं. आणि टाकीने भस्सकन असा मोठा श्वास आत घेतला, की पाखऱ्याने कान टवकारले.

काळूरामने झाकण हातात फिरवून पाहिलं. वर हळदकुंकवाचा जाड थर. गावातल्या कुणाचे बैल शर्यतीला न्यायचे असले की त्या दिवशी टेम्पोची पूजा कमळ करायची. यंदा ती काळूरामने केली होती, आणि केली ती अगदी जीव ओतून. बॉनेटवर, चाकांवर, टाकीच्या झाकणावर, भिजवलेली हळद आणि कुंकू तळहाताने थापलं होतं. झाकणाच्या मधलं हवेचं बारीक भोक त्यात पार लिंपलं गेलं. डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी; ती येणार कुठून?

"बाबा, आय कडंला टिकली लावायची," किशोरी हळूच म्हणाली.

लावायची खरी. दरवर्षी तो कमळला चिडवायचा, देवाला मधोमध लावावं, तू अशी कोपऱ्यात काय लावतेस? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं.

"त्याच्या नाकावर लावू काय? त्यो सास कशानं घेल?"

बायकांचं काहीतरी, म्हणून तो हसायचा. आता रस्त्याच्या कडेला ते झाकण हातात धरून त्याला तसंच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती हवी होती. आत्ता, इथे, त्याला वेड्यात काढायला हवी होती.

किशोरीने बांगडीतली पिन काढून दिली. भोक मोकळं झालं, हातपंपाने डिझेल भळाभळा दिलं, पहिल्याच चावीला इंजिन बोललं, आणि मग रेवदंडा येईपर्यंत टेम्पोने कुठे हूं की चूं केलं नाही.

पुळणीवर पोचले तेव्हा पाणी निशाणांच्या काठ्यांना लागत होतं. पाखऱ्याला उतरवला तसा जुंपला. विनेशने आरोळी ठोकली आणि पाखऱ्या सुटला! ओली वाळू उडवत, शेपटी वर, असा पळाला की काठावरची माणसं बेभान होऊन ओरडायला लागली. दुसरा आला. पाखऱ्याच्या पहिल्याच शर्यतीत दुसरा म्हणजे काय खायची गोष्ट आहे? गाव गुलालात नाचलं, विनेशला कुणी खाली टेकू देईना.

किशोरी बैलाला ओवाळायला ताट घेऊन आली. काळूरामने पाखऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ताटातलं आणखी बोटभर कुंकू घेतलं आणि तो गर्दीतून बाहेर पडून टेम्पोपाशी गेला. पुसलेल्या झाकणावर, अगदी कडेला, त्याने एक टिकली लावली. मग वाकून भोक मोकळं आहे ना ते बघितलं.