हळकुंडाचा घास

वैशाखातला दिवस कलत होता. पेणच्या पश्चिमेला मिठागरांवर ऊन पसरले होते, पांढरे, मग पिवळे, मग केशरी. खाडीवरचा खारा वारा मूर्तिशाळेच्या दारातून आत शिरत होता आणि ओल्या मातीचा, ताज्या रंगाचा वास घरभर वाटत होता. फळ्यांवर गजानन ओळीने बसले होते, शुभ्र, सुकुमार, अजून दृष्टिहीन. त्यांना डोळे मिळायचे होते.

ते डोळे एके काळी शालन देत असे. त्या कामाला आखणी म्हणतात. श्वास रोखायचा, खारीच्या केसांचा कुंचला टेकवायचा, एक रेघ ओढायची, आणि माती बघू लागायची.

मग हात थरथरू लागला. गेल्या हंगामात दिराने तो कुंचला तिच्या बोटांतून हळूच काढून घेतला, अगदी प्रेमाने. तेव्हापासून तिला चहासुद्धा अर्धा कप मिळू लागला, सांडू नये म्हणून. तोही प्रेमाचाच, पण शालनच्या जिवाला तो फार लागला.

घरात आणखी एक जीव होता. कांचनवर्ण, कृष्णबिंदुमंडित, जाड शेपटीचा. लेक रेवती पुण्याहून येताना त्याला काचेच्या पेटीत घेऊन आली होती. लेपर्ड गेको, पाळीव परदेशी पाल, तिने सांगितले. भिंतीवरच्या पाली कमी पडल्या का गं, असे शेजारणींनी विचारून घेतले. शालनने मात्र त्याचे नाव हळकुंड ठेवले, कारण ते दिसतच होते तसे. त्याला पापण्या होत्या. भिंतीवरच्या पालीला नसतात. डोळे रेखण्यात जन्म घालवलेल्या बाईला एवढे कौतुक पुरेसे होते.

आणि ते हळकुंड आता जेवत नव्हते. पुण्याहून येणारे जिवंत रातकिडे उन्हाच्या तडाख्याने वाटेतच मेले. उरले ते डब्यातले वाळलेले किडे. रेवतीने ते कोमट पाण्यात भिजवले, कॅल्शियमची पूड लावली, चिमट्यात धरून पुढे केले. न हलणाऱ्या घासाकडे हळकुंड बघेचना. चिमटा हलवावा, तर ते घाबरून दगडाआड जाई. पाण्याच्या वाटीला ते तोंड लावत नव्हते. जाड शेपटी दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. असेच चालले तर ते जगायचे नाही, हे रेवतीने आईला सांगितले.

शालनने पदर खोचला आणि हात पुढे केला.

“आई, राहू दे. तुझा हात...”

“हात थरथरतो, बाई. नजर नाही थरथरत.”

शंकेची पाल चुकचुकलीच असेल तर ती रेवतीच्या मनात. शालन निर्धास्त होती. तिने चिमटा घेतला, कोपर पेटीच्या काठावर टेकवले, आणि जन्मभराच्या सवयीने श्वास रोखला.

हात थरथरला. बारीक, अखंड, अनावर. आणि चिमट्यातला तो मेलेला किडा थरथरला. त्याचे पाय हलले, पाठ हलली, तो जणू मातीतून आत्ताच वर आला.

दगडाआडून एक पिवळे डोके बाहेर आले. मान कलली. शेपटीचे टोक हळूच वळवळले. सोनेरी डोळ्यांतली उभी काळी रेघ रुंदावली. शालनने ती रेघ पाहिली आणि मनोमन हसली, असली रेघ तिच्या ओळखीची होती. मग एक झेप, कट् असा एक मऊ आवाज, आणि चिमटा रिकामा.

दुसरा घास. तिसरा. रेवती डोळे पुसत होती.

मग शालनने कुंचला मागितला, तोच, आखणीचा. रेवती धावत मूर्तिशाळेत गेली. दिराने तो काढून दिला. खारीच्या केसांच्या टोकावर पाण्याचा थेंब आला, थरथरला, दिव्याचा उजेड पिऊन चमकला. गुलाबी जीभ पुढे झाली. थेंब गेला. दुसरा आला, तोही गेला. असंख्य मूर्तींचे डोळे उघडणाऱ्या त्या कुंचल्यासमोर हळकुंडाने तृप्तीने, सावकाश, आपल्या पापण्या मिटल्या.

बाहेर मिठागरे विझत आली होती. रेवतीने आईपुढे चहा ठेवला, काठोकाठ भरून. शालनने कप उचलला. चहा हिंदकळला, बशीत सांडला, आणि कुणी पुसायला उठले नाही. फळ्यांवर गजानन बसले होते, ओळीने, शुभ्र, डोळ्यांची वाट पाहत. आणि भरल्या कपात संध्याकाळचा दिवा थरथरत राहिला, थरथरत, अखंड, जिवंत.