कुटुंबाची हरकत

मुख्याधिकाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, प्रोजेक्टरचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला आणि सत्यभामाबाईंना त्यांची मुलगी दिसली. छतापासून जमिनीपर्यंत. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, मांडीवर पाटी, मागे उसाचा हिरवा फड. तोंड उघडं टाकून हसणारी.

सभागृहातली कुजबुज थांबली. सगळ्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सत्यभामाबाईंनी कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली आणि एक घोट घेतला. चहा केव्हाच गार झाला होता.

"बस स्थानकासमोरच्या आपल्या भिंतीवर चित्र काढायचं, आणि ते लोकांना विचारून काढायचं, असं मागच्या सभेत ठरलं होतं," मुख्याधिकारी म्हणाले. "त्याप्रमाणे धनश्री मॅडम वस्त्यांवर जाऊन आल्या. त्याच सांगतील."

धनश्री बीडची चित्रकार. तिच्या नखांत रंग होता. ती उभी राहिली आणि सभागृहाकडे न पाहता सत्यभामाबाईंकडेच पाहून बोलू लागली.

"मी एवढंच विचारलं, की या भिंतीवर रोज काय दिसलेलं आवडेल. कुणी देव सांगितला, कुणी पुढारी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी मात्र सगळीकडे एकच नाव घेतलं. स्वप्नाबाईंचं. फोटोही त्यांनीच दिला, कुणाच्या तरी मोबाइलमधला. मी तुमच्याकडे आले होते काकू, दोनदा. काकांनी सांगितलं, तुम्ही झोपलाय."

सत्यभामाबाईंनी मान हलवली. झोपल्या असतील. हल्ली त्या दिवसाही झोपत.

स्वप्ना बी.एड. करून आली तेव्हा तिला गावातल्याच शाळेत चिकटवण्याइतकी ओळख सत्यभामाबाईंची होती. पण पोरगी ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर साखर कारखान्यावर निघून गेली. आईबाप फडात असताना कोप्यांपाशी, मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी उंडारणाऱ्या पोरांना जमवून ती शिकवायची. दरवर्षी दसरा झाला की जायची आणि ऊन तापलं की काळी पडून परत यायची. मागच्या हंगामात तिथंच तिला ताप आला, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. निरोप आला तेव्हा सत्यभामाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या आत कुणी काही उचललंच नव्हतं. दहाव्याला बायका गळ्यात पडून रडल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांचे यजमान सुग्रीवराव यांनी भिंतीवरचे तिचे फोटो काढून पेटीत ठेवले, तेव्हा त्यांनी 'ठेवा' किंवा 'नका ठेवू' काहीच म्हटलं नाही. नगरपंचायतीच्या सदस्य म्हणून सभांना मात्र त्या येत. बसत, हात वर करत, घरी जात.

"चित्र चांगलंच आहे," मुख्याधिकारी म्हणाले, "पण अडचण वेगळी आहे. विधिमंडळात एक विधेयक आलंय. सार्वजनिक भिंतीवर, चौकात, कुठल्याही खऱ्या माणसाचा चेहरा काढायचा असेल तर राज्याच्या समितीची परवानगी लागणार. चेहऱ्यांवरून ठिकठिकाणी भांडणं होतात म्हणून. अजून मंजूर झालेलं नाही. सगळ्या नगरपंचायतींचा अभिप्राय मागवलाय, आपल्यालाही आजच द्यायचाय. माझं मत विचाराल तर चेहरा टाळावा, आणि विधेयकाला आपला पाठिंबा कळवावा."

"कावून?" सोमनाथ उठला. तो बाजारपेठेच्या प्रभागाचा सदस्य, आवाजानं मोठा. "आमच्या गावच्या भिंतीवर कोण ऱ्हावं, हे मुंबईत बसून ठरवणार का? आज ही पोरगी न्हाई म्हणाले, उद्या म्हणतील झाडबी विचारून काढा. चित्र काढा, आन् कायदा नको म्हणून लिहून पाठवा."

"आज हिचं काढलं, उद्या दुसरे येतील, आमच्याबी माणसाचं काढा म्हणून," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांना काय सांगायचं?"

"त्यांचंबी काढू!"

बोलणं वाढत गेलं. सत्यभामाबाई चित्राकडे पाहत होत्या. ओठ, नाक, भुवईजवळचा व्रण, सगळं बरोबर होतं. पण ही बाई अशी मोठ्यानं, मान मागे टाकून हसत होती. घरात स्वप्ना हसायची ती हातानं तोंड झाकून. चित्रातल्या बाईला त्या ओळखत नव्हत्या. ती कोण, कुणाची, हे विचारावंसंही त्यांना वाटलं नाही.

चित्र आणि विधेयक दोन्हींवर एकदमच मत घेतलं. हात मोजले तर दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. सत्यभामाबाईंचा हात टेबलावरच होता.

नगराध्यक्ष मोहनराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी आवाज खाली आणला. "सत्यभामाताई, लेकरू तुमचं हाय. तुमी म्हणाल तसं. आमी कुणी त्याच्या बाहेर न्हाई."

"किती दिवस टिकतं हे?" सत्यभामाबाईंनी धनश्रीला विचारलं.

"रंग चांगला वापरणार आहे, काकू. पाऊस-ऊन धरूनसुद्धा बरीच वर्षं राहील."

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांपुढे बस स्थानक आलं. भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना, सभेला येताना, बीडच्या गाडीची वाट पाहताना, ही बाई तिथं असणार. बरीच वर्षं.

"नको," त्या म्हणाल्या. "काढू नका."

धनश्री खाली बसली. पडदे बाजूला झाले, भिंतीवरची बाई उजेडात पुसट होत नाहीशी झाली. मुख्याधिकाऱ्यांनी ठराव सांगायला सुरुवात केली आणि बाजूचा लिपिक टंकत गेला. भिंतीवर उसाचं शेत काढण्यात यावं. विधेयकाला या सभेचा पाठिंबा आहे. अशा चित्रांना संबंधित कुटुंबाचीही हरकत असल्याचा अनुभव या नगरपंचायतीस आला आहे, सबब असा कायदा होणे आवश्यक आहे.

"तेवढं वाक्य कशाला?" सोमनाथ म्हणाला.

"खरं तेच लिहितोय. वजन पडतं अशा वाक्याचं." मुख्याधिकाऱ्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. "चालेल ना, मॅडम?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

पायऱ्या उतरताना सोमनाथ त्यांच्याबरोबर चालू लागला. "ताई, तुमचं दुःख मला कळतं," तो म्हणाला. "पर आपल्या गावापुरतं न्हाई ऱ्हायलं हे. मुंबईत आता तुमचंच नाव पुढं करतील. बघा, आईच नको म्हणती."

"करू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

भिंतीवर ऊस उगवला. धनश्रीनं तो मन लावून काढला असावा, कारण लोक थांबून पाहत. विधेयकावर विधिमंडळात चर्चा झाल्याची बातमी आली, आणि तीत एका लहान गावातल्या आईचा उल्लेख होता, नाव न घेता. सुग्रीवरावांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली आणि मध्येच थांबले. सत्यभामाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

दसरा झाला तशा टोळ्या निघू लागल्या. एका सकाळी सुग्रीवराव दळण आणायला गेले असताना ताराबाई दारात येऊन उभी राहिली. वरच्या वस्तीवरची, दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत बिऱ्हाडं चढवली जात होती, भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं.

"बसत न्हाई, अक्का. निघालोय," ताराबाई म्हणाली, आणि उंबऱ्याच्या आत येऊन बसली. "एक इचारायचं व्हतं. राग येईल तुमाला."

"न्हाई येत राग."

"कावून न्हाई म्हनलात?"

सत्यभामाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. जे होतं ते त्यांनी सांगितलं. "मला ती माझी वाटली न्हाई. तशी हसत न्हवती ती."

"तिकडं तशीच हसायची," ताराबाई म्हणाली. "तुमच्या म्होरं न्हाई हसली आसंल. आईम्होरं कोन हसतं तसं? आमच्यात बसून मुकादमाची नक्कल करायची. आसं पोट पुढं काढून." तिनं बसल्या जागी पोट पुढं काढून दाखवलं, आणि तिचा चेहरा एकदम वाकडा झाला. तिनं पदर तोंडाला लावला.

मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "तुमच्याकडं फोटो तरी हायेत, अक्का. आमच्याकडं त्यो एकच व्हता, आन् त्यो मोबाइल पावसात भिजून गेला. माझी धाकटी परवा म्हनली, आई, बाईंचे डोळे कसे व्हते गं? मला सांगता यीना. म्हनून आमी भिंत मागितली. येता-जाता लेकरांना दावायला. आमाला काय कायद्याचं म्हाईत?"

सत्यभामाबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. उसाच्या पानांनी चिरलेल्या, जुन्या रेघांच्या हातांकडे. भिंत आपली नव्हती, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. आणि हेही, की ते वाक्य आता मुंबईत कुठल्या कुठे पोचलंय, आणि ते परत बोलावून आणता येत नाही. त्यांनी दुखण्याची वाट पाहिली. दुखलं नाही. नुसता हात जड झाला, झोपेत अंगाखाली दबून राहिलेला हात हलवायला जावा तसा.

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ताराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"भांडायची का गं ती?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "तिकडं. कुनाशी?"

"भांडायची?" ताराबाई दारातच वळली. "अवो, लई! लेकरं फडात नेली की दगड घिऊन मागं लागायची आमच्या. एकदा तर माझ्या नवऱ्याला म्हनली..."

हॉर्न पुन्हा वाजला, लांब. कुणीतरी ट्रॉलीतून ताराबाईच्या नावानं ओरडलं.

सत्यभामाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या माणसांना हात दाखवून म्हणाल्या, "थांबा जरा. येती ती."

मग त्यांनी ताराबाईला परत आत बसवलं, दार लोटून घेतलं, तिच्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय म्हनली?"