चालू ठेवलेला लॅपटॉप

"काळा झाला गं पडदा. गेला वाटतं," आई म्हणाली.

"गेला नाही. थांब जरा."

"मी थांबलेच आहे. घाई तुलाच असते."

रविवारची दुपार होती. डायनिंग टेबलाच्या एका बाजूला मी मेथी निवडत होते आणि दुसऱ्या बाजूला आई माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. मी घरून तयार करून आणलेला पेन ड्राइव्ह त्याच्या कडेला खोचलेला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मग एकदम निळसर, मोकळा पडदा समोर आला. कोपऱ्यात घड्याळ, खाली चार चिन्हं.

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर ही सिस्टिम हलकी."

"आणि झालासुद्धा चालू? अगंबाई. आधी मी हा चालू करायचे आणि जाऊन कुकर लावायचे. भात होऊन वाफ जिरली की मग हा डोळे उघडायचा."

जुन्या संगणकांसाठी बनवलेली ही लिनक्सची हलकी सिस्टिम. तिच्याबद्दल आईने माझ्याआधी वाचलं होतं, आणि तेही एका गाण्याखालच्या कॉमेंटमध्ये. मालेगावचा कुणी गायक आपली गाणी आपणच करून इंटरनेटवर टाकायचा. हे सगळं रेकॉर्ड कशावर करतोस, असं त्याला कुणीतरी विचारलं होतं. लॅपटॉप म्हातारा आहे, पण सिस्टिम हलकी टाकलीय, असं त्याने उत्तर दिलं होतं. आईने लगेच मला फोन केला. "त्याचा चालतो, तर माझा का नाही?"

आई सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. सगळी नोकरी तिने एका कानाला हेडफोन लावून काढली. दुसरा कान साहेबांच्या हाकेसाठी मोकळा. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे भारीतले हेडफोन, आणि तेही ती एकाच कानावर लावायची. दुसरा कान घरासाठी. दूधवाला, गॅसवरचं दूध, दाराची बेल.

आणि ऐकायची ती फक्त नवी गाणी. बाबा गेले तेव्हा नातेवाइकांनी तिला जुन्या गाण्यांचा अख्खा संच आणून दिला होता. तो तिने प्लॅस्टिकसकट शोकेसमध्ये ठेवून दिला. "जुनी गाणी लागली की सगळे रडायच्या तयारीने बसतात," ती म्हणायची. "मला अजून ज्यांच्यावर कुणी रडलेलं नाही अशी गाणी ऐकायचीत." मग ती शोधत बसायची. कॉलेज रोडवरच्या कॅफेत गिटार घेऊन गाणाऱ्या दोन बहिणी, कोल्हापूरचा कुणी रॅपर, ज्यांना अजून शंभरसुद्धा ऐकणारे मिळाले नाहीत असे कुठले कुठले बँड. चकचकीत पॉपही तिला चालायचं, फक्त कालपरवाचं हवं. प्रत्येक गाण्याखाली ती दोन ओळी टाकायची. 'ऐकलं. दुसरं कडवं जास्त जमलंय. सुधा, नाशिक.'

"आता नीट लक्ष दे," मी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ही सिस्टिम मी अजून लॅपटॉपात टाकलेली नाही. पेन ड्राइव्हवरून चालतेय. तुला आवडते का ते बघायला. लॅपटॉप बंद केलास, की यात केलेलं सगळं जाईल."

"गाणी पण?"

"गाणी, अक्षर मोठं केलंस तर ते, जे जे मांडशील ते सगळं. पुन्हा लावलास की आत्तासारखा कोरा."

आईने विचार केला. "म्हणजे लॉजवर उतरल्यासारखं. सामान मांडायचं, पण निघताना मागे काही ठेवायचं नाही."

"तसंच."

"मग बंदच नाही करणार."

"याची बॅटरी मेलीय, आई. वायर निघाली तरी गेला."

"वायरीला हात लावायला आहे कोण घरात? एकटी तर असते मी."

"आवडली तर पुढच्या रविवारी कायमची टाकून देते."

"आधी राहून बघू दे. खोलीत ऊन येतं का, पाणी येतं का, शेजारी कसेत."

तिने हेडफोनचा मोकळा कान माझ्याकडे केला. दोघी डोक्याला डोकं लावून बसलो. मालेगावकराचं नवं गाणं होतं. थोडं मराठी, थोडं उर्दू, मधेच अहिराणी. मागे सतत काहीतरी खडखडत होतं.

"कसंय?"

"छान आहे."

"नुसतं छान? शेवटाकडे आवाज कसा खाली आणतो बघ, ऐक."

मी ऐकत नव्हते. ती डोळे अर्धवट मिटून बसली होती. बोट टेबलावर ताल धरत होतं, पण ठोक्याच्या किंचित मागे, आणि ओठ शब्दांच्या किंचित मागे. नव्या गाण्याचं पुढचं तिला ठाऊक नसायचं. पुढे काय येणार याची वाट बघणारा तिचा तो चेहरा अगदी लहान मुलीचा व्हायचा.

संध्याकाळी तिने मला भाजीचा डबा भरून दिला. मी स्कूटर काढली तेव्हा ती गॅलरीत आली. "नाक्यावर खणून ठेवलंय. बघून जा!" मी मान न वळवता हात हलवला.

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या उज्वलाकाकूंचा फोन आला. आईच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. पुण्याहून माझा धाकटा भाऊ महेश आला. हरसूलकडच्या गावातून आईची थोरली बहीण, चतुरामावशी आली. ती रडली, उठली, आणि सगळं आवरल्यावर आईला ठेवलं होतं त्या जागी तिने गव्हाचं पीठ पसरून वर दिवा लावला. मग भिंतीला टेकून तिथेच बसली. दहाव्यापर्यंत हा विझता कामा नये. कुणी दार जोरात उघडलं तरी ती आधी ज्योतीभोवती हात धरायची.

डायनिंग टेबलावर पाण्याचे ग्लास, हारांचे कागद, कुणाच्या तरी गाडीच्या किल्ल्या. त्यांच्या मधोमध लॅपटॉप होता. पडदा काळा. माझं बोट लागलं आणि तो उजळला.

आईने सामान मांडलं होतं. अक्षरं मोठी केली होती. मागचा निळा रंग काढून पिवळा केला होता, तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीसारखा. गाण्यांची खिडकी उजवीकडे सारून ठेवली होती. डावीकडचा पडदा मोकळाच होता. त्याच्यासमोर ती नेहमी चहाचा कप ठेवायची, एवढंच. मालेगावकराचं गाणं मधेच थांबवलेलं होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे.

"ताई, हा तापलाय गं," महेश म्हणाला. "बंद करू?"

"नको!"

माझा आवाज इतका चढला की बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

मी त्याला हळू आवाजात सगळं समजावलं. त्याने लगेच खिशातून पेन ड्राइव्ह काढला, आईची सगळी गाणी त्यावर घेतली, पडद्याचा फोटोही काढला. "झालं. सगळं आलं. आता?"

"राहू दे चालू."

"अगं, गाणी आली ना?"

"गाणी कुठेही मिळतील, महेश."

"मग तुला ठेवायचंय काय?"

सोमवारी रात्री आईने गाणं थांबवलं आणि बाकीचं उद्या ऐकू म्हणून ती उठली. ते तिचं उठणं अजून या टेबलावर होतं. त्याचा फोटो निघत नव्हता. वायरीतून वीज येत होती तोवर ते होतं, एवढंच मला कळत होतं.

महेशने प्लगवर चिकटपट्टी लावली आणि वर पेनने लिहिलं, 'हात लावू नये'. त्या दिवसांत भेटायला येणारी माणसं आधी दिव्याला नमस्कार करायची आणि मग त्या पट्टीकडे बुचकळ्यात पडून बघायची.

शुक्रवारी वीज कंपनीचा मेसेज आला. शनिवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत पुरवठा बंद. आमच्याकडे शनिवारी हे असतंच. आई आदल्या संध्याकाळीच मिक्सरची कामं उरकून घ्यायची.

उज्वलाकाकू म्हणाल्या, "माझ्याकडे इन्व्हर्टर आहे की. वरून वायर सोडू खिडकीतून."

महेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "वायर सोडता येईल गं. पण इथला प्लग काढून त्यात लावायचा, म्हणजे मधे क्षणभर तरी जाणार. आणि याला तो क्षणभरसुद्धा पेलवत नाही."

मावशी दिव्यापाशी बसून ऐकत होती. "आगं, ह्या दिव्यावर दुसरा लावून घेता येतो," ती म्हणाली. "तसं नाय का येत त्यात?"

"नाही गं, मावशी."

"मंग?"

"मग उद्या लाइट गेली की जाईल."

तिने वात जराशी वर सारली. "लय नाजूक जीव हाय म्हणायचा त्याचा."

शनिवारी सकाळी महेश बाहेरगावच्या काकांना आणायला स्टेशनवर गेला. घरात मी आणि मावशी दोघीच. मी टेबलापाशी बसून होते. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. थांबला, की झालं.

"चहा घेती का?"

"नको."

"काल बी नाय घेतलास." मावशी गुडघ्यांवर हात टेकवत उठली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. खुर्चीवर ती नेहमी अर्धीच बसते, कुणी उठवेल की काय अशी. "तेजू, दिव्याचं काय करतो आपण दहाव्याला?"

"नदीवर नेतो."

"हां. त्यो विझंल तवा विझंल म्हणून बसत नाय. आपल्या हातानं नेऊन सोडतो. वारा आला न् गेला, तर जिवाला लागतं बघ. आपण नेला तर नाय लागत." मग तीच म्हणाली, "लागतं. पर कमी."

मावशीने पदराने टेबलावरचा पाण्याचा डाग पुसला.

मग मी गाणं चालू केलं. हेडफोन काढून घेतला, म्हणजे दोघींनाही ऐकू येईल. अर्ध्या शब्दापासून आवाज सुरू झाला.

मावशी दचकली. "हे मागं काय खडखडतंय? बिघाडलंय का?"

"नाही. यंत्रमाग आहेत ते, मालेगावचे. हा गातो त्या खोलीच्या पलीकडेच चालतात. बंद कर म्हणून कुणाला सांगणार? म्हणून त्याने तालच तो धरलाय."

"आन् म्हणतो काय?"

"गाडीतलं पेट्रोल संपलंय. ढकलत घरी चाललाय."

"मंग गाऊन दम कशाला घालवतो येडा?"

मला हसू आलं. हसता हसता मी तोंडावर हात ठेवला. मावशीही हसली, आणि मग तिने डोळे टिपले.

"सुधी रोज ऐकायची हे असलं?"

"रोज. नवीन नवीन शोधून."

"ल्हानपणी बी तशीच. बाजाराला नेली, की कुणी कुठं काय वाजवतंय तिकडं ही पळाली. आय शोधून शोधून दमायची." मावशी पडद्याकडे बघत राहिली. "चांगलं म्हणतो पर. थांबत नाय, ढकलतोय आपला."

शेवटाकडे त्याचा आवाज खरंच खाली आला. मग आवाज थांबला आणि माग तेवढे चालत राहिले. मग तेही थांबले. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता. पंखा अजून फिरत होता.

मी कोपऱ्यातल्या बंद करायच्या चिन्हावर गेले. छोटी चौकट उघडली. खरंच बंद करायचं का, असं तिने विचारलं, आईने मोठ्या केलेल्या अक्षरात. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा हात गरम होता आणि त्याला तेलाचा वास होता.

"आई," 'हो'वर बाण नेत मी म्हणाले. मावशी ऐकत होती, तरी मोठ्याने म्हणाले. "मला तुझी गाणी कधीच कळली नाहीत गं. मी दर रविवारी यायचे ते तुला ऐकत बसलेली बघायला."