भांगाची तारीख

शीलाबाई माझ्या मालूला वर्गात भलतंच विचारायला लागल्या तेव्हाच माझं डोकं फिरलं. तुझी आई बाजारात कधी जाते? बाबा होडी कधी काढतात? धाकट्याला कोण सांभाळतं? पोरगी तिसरीतली, विचारलं तसं सगळं सांगून मोकळी. आणि बाई म्हणे ते वहीत लिहून घेतात.

"कनाला लिवतात?" माझी बायको केशर म्हणाली.

"नाव कापायला, दुसरं काय!"

मला अनुभव होता. मी पाचवीत असताना आमचे गुरुजी असेच घरी आले, चहा प्यायले, गोड बोलून चौकशी केली आणि आठवड्यानं पटावरून माझं नाव काढलं. मालूचे खाडे होत होते, हे मी नाकारत नाही. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, जाळी भरतात. मी पाण्यावर, केशर बाजारात. मग वर्षाच्या कान्हाला मालूनं नाही तर कोणी बघायचं? उधाण ओसरून भांग लागला, पाणी मंदावलं, की जाळी वाळत पडतात आणि पोरगी शाळेत जाते.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये बाईंची चिठ्ठी आली. 'एप्रिलमध्ये आपलं काम कोणत्या दिवशी बंद असतं, ते कृपया कळवावे.'

कृपया! आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात जाळं कुठं लावलं, कधी काढणार, हे कोणी सख्ख्या भावालाही खरं सांगत नाही. ही तर डोंबिवलीहून येणारी परकी बाई. मी त्याच चिठ्ठीमागं लिहून ठोकून दिलं : पंधरा तारीख, भांग. खरं तर चौदाला पौर्णिमा होती. घ्या म्हटलं, आता लिहा वहीत.

एप्रिल लागला आणि मालू उड्या मारत घरी आली. "बाबा, तोंडी परीक्षा पंधराला! बाईंनी हेडमास्तरांना सांगून दिवस बदलून घेतला. त्या दिवशी आपल्याकडं काम नसतं ना, म्हणून."

पंधराला तर ऐन उधाण. तोंडी चुकली की पोरगी पुन्हा तिसरीतच बसणार. तरीही मेलं मन म्हणत होतं, ह्यातसुद्धा बाईचा काहीतरी डाव असेल.

पंधराला भावाला एकट्यालाच जाळ्यावर धाडलं. कान्हाला कडेवर घेतलं आणि मालूबरोबर शाळेत जाऊन व्हरांड्यात बसलो. बघू तरी काय करतात ते. आतून मालूचा वाचतानाचा आवाज येत होता, अगदी खणखणीत. माझी पोरगी एवढं वाचते हे मला ठाऊकच नव्हतं.

थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या. "दौलतभाऊ ना? मालूनं छान वाचलं. पण तुमच्या वाड्यातली बाकीची सहा मुलं आलीच नाहीत. आज भांग आहे ना?"

मी खाली बघितलं. "उधाण हाय, बाई. मी खोटं लिवलेलं."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त वही उघडून माझ्यापुढं धरली. सात बापांची नावं आणि सात वेगवेगळ्या तारखा. एकाच खाडीला सात भांग! सगळे माझ्यासारखेच शहाणे.

"मला भरती-ओहोटीतलं काय कळतंय?" बाई म्हणाल्या. "कुठली तरी एक तारीख धरायची होती. बाकीच्यांनी मुलांकडून निरोप धाडले. तुम्ही एकट्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंत. म्हटलं, हा माणूस शिकलेला आहे, खरं सांगेल. म्हणून तुमचीच धरली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा पोरं माझ्या अक्षरावर नापास होणार होती.

"परीक्षा कितीपर्यंत हाय?"

"साडेबारा."

पावणेअकरा झाले होते. मी कान्हाला बाईंच्या हातात दिलं आणि वाड्याकडे पळत सुटलो.