उंच गेलेला चेंडू

"अजून वर घे," खालून कुबिक काका म्हणाले. "एमिल, अरे प्रायरचा चेंडू आहे तो. इतका खाली कधी आला होता?"

"गंमत ती गंमत, पण माप खरं पाहिजे," शिडीवरून एमिल होरकी म्हणाला आणि त्याने दोरी पुन्हा होती तिथे आणून गाठ मारली. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळलेला माणूस. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा नोव्हेंबरातला तो शेवटचा सामना त्याने टीव्हीवर थांबवून थांबवून पाहिला होता, पंचाच्या उंचीवरून चेंडूची उंची काढली होती, आणि आज चर्चच्या जत्रेत बरोबर तेवढ्याच उंचीवर आडव्या दांडीला एक चेंडू टांगला होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: प्रायरचा चेंडू.

त्याच्या बाजूला प्लायवूडचा उंच पुतळा उभा होता. लाल जर्सी, सत्त्याऐंशी आकडा, पसरलेले हात आणि दोन्ही पंजांच्या मध्ये एक भोक. लांबून चेंडू फेकून त्या भोकातून पार केला की कलिंगड मिळायचं. हा खेळ दरवर्षीचा होता आणि त्याचा पैसा गावच्या अग्निशमन दलाला जायचा. दोन वर्षांपासून पुतळ्याला एमिलच्या मुलाचं, वेसचं तोंड रंगवलं होतं. टांगलेला चेंडू मात्र या उन्हाळ्याची नवी करमणूक होती. येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघून हसायची, पोरं खालून उड्या मारायची.

आणि नेमका त्याच वेळी वेस त्या प्रायरलाच घेऊन मैदानात शिरला.

झालं होतं असं की, वेसच्या संघात चेंडू फेकणारा कीनन प्रायर विद्यापीठ सोडून चालला होता. संघात दुसरीकडून नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, आणला होता, कीननची जागा गेली होती, आणि कॅन्ससमधल्या एका लहान कॉलेजाने त्याला बोलावलं होतं. जाताना वेसचं गाव, ब्रोदेक, वाटेवरच पडतं, म्हणून वेसच्या आईने, मार्लिनने, त्याला जेवायला थांब म्हटलं होतं. नवऱ्याला तिने ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरात दोन दिवस धुसफूस झाली असती.

वेसला पाटी दिसली. त्याची कानशिलं तापली. "थांब, मी काढायला लावतो," तो म्हणाला.

"राहू दे," कीनन म्हणाला. "माझ्या नावाची पाटी आजवर कुणी लावली नव्हती."

तो हसला, आणि ते हसणं वेसला शिवीपेक्षा जास्त लागलं.

ब्रोदेकची माणसं दुष्ट नाहीत. त्यांनी कीननला बसवून घेतलं, डुकराचं भाजलेलं मांस, कणकेचे उकडलेले गोळे आणि आंबवलेला कोबी असं ताट भरून पुढे ठेवलं, वर खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, आग्रहाने वाढले. एमिलनेही हात मिळवला, हवापाण्याचं बोलला. मग मंडळी आपल्या आवडत्या विषयावर आली. ऑगस्टात सराव सुरू होणार, येता हंगाम कसा जाणार? क्रीडा मासिकाच्या ताज्या अंकात अंदाज छापून आले होते आणि विभागातल्या चांगल्या टाइट एंडमध्ये वेसचं नाव तिसरं होतं. कुबिक काकांनी ते पान घडी करून खिशातच ठेवलं होतं. एमिलच्या शाळेच्या संघात ते एमिलच्या खांद्याला खांदा लावून खेळले होते, त्यामुळे वेसवर आपला निम्मा हक्क आहे असं ते धरून चालायचे.

टाइट एंड म्हणजे ओळीच्या टोकाला उभा राहणारा गडी. निम्मा वेळ समोरच्या धटिंगणाला छातीने रेटायचं आणि निम्मा वेळ सुटून मैदानात पळायचं, फेकलेला चेंडू झेलायचा. वेस रेटण्यात पक्का होता. गावाला मात्र झेलांचा आकडा हवा होता. पन्नास होतील का, साठ होतील का, मोठ्या संघांची माणसं बघायला येतील का, असं सगळे विचारत होते आणि वेस ताटातल्या कोबीकडे बघत "बघू, काका" एवढंच म्हणत होता.

"आता नवीन क्वार्टरबॅक आलाय," कुबिक काका म्हणाले. "आता पोराच्या हातात नीट चेंडू येतील." मग कीनन समोरच बसलाय हे लक्षात येऊन त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मनावर घेऊ नकोस हं. तू भला पोरगा आहेस. फक्त जरा उंच मारतोस."

"हो काका," कीनन म्हणाला, "तेवढं शिकायचं राहिलंय."

वेसने मान वर केली नाही.

नोव्हेंबरात शेवटच्या मिनिटाला चार गुण हवे होते. कीननने चेंडू मधल्या पट्ट्यात फेकला. वेस मोकळा होता, चेंडू डोक्याच्या वर, पुढे, जिथे हवा तिथेच होता. पण समोरून त्यांचा मागच्या फळीतला बचावपटू सुसाट येताना वेसला दिसला. हात ताणले की बरगड्या उघड्या पडतात. वेसने हात आखडले. कोपरं आपसूक वाकली, चेंडू बोटांना चाटून मागे गेला आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला. कॅमेरा आणि वेस यांच्या मध्ये तो बचावपटू आल्यामुळे टीव्हीवर कोपरं दिसलीच नाहीत. दिसली ती फक्त बोटं, आणि बोटांच्या वरून गेलेला चेंडू.

सामना संपल्यावर पत्रकारांनी कीननला गाठलं. तो म्हणाला, "चेंडू उंच गेला. चूक माझी." क्वार्टरबॅकला असंच बोलायचं असतं. सहकाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांना शाळेपासून शिकवलेलं असतं, आणि संघातलं कुणी ते अक्षरशः खरं धरत नाही. ब्रोदेकने ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी चित्रफीत बघायच्या खोलीत कोचने तीच चाल वरच्या कॅमेऱ्यातून दाखवली आणि पडदा थांबवला. त्यांची रीत अशी की, चूक ज्याची असेल त्याने आपल्या तोंडाने सांगायची. अंधारात वेस म्हणाला, "मी हात आखडले, कोच." कोच "बरं" म्हणाले आणि पुढची चाल लावली. दुसरी रीत अशी की, त्या खोलीतलं त्या खोलीत राहतं. संघाला पैसा पुरवणाऱ्या उद्योगपतींना क्वार्टरबॅक बदलायचा होता आणि हरलेला सामना हे निमित्त पुरेसं होतं. वेसची जागा शाबूत राहिली. वसंतात कोचने त्याला एवढंच सांगितलं की, पहिला तूच आहेस, पण मधल्या पट्ट्यातला चेंडू तुझ्याकडे द्यायचा की नाही ते ऑगस्टात बघू.

घरी आल्यावर बापाने विचारलं होतं, फार उंच होता का रे? वेस म्हणाला होता, हो, जरा होता. एवढंच. पण हिवाळाभर एमिल रोज सकाळी कोठारावरच्या कॉफीच्या टेबलावर तेच सांगत बसला, आणि "जरा"चं पाहता पाहता फूटभर झालं.

जेवणं आटोपल्यावर कुणीतरी कीननच्या हातात चेंडू दिला. त्याने पुतळ्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे घेतली आणि चेंडू भोकातून पार केला. पुन्हा दिला, पुन्हा पार केला. तिसऱ्या वेळी तर भोकाच्या कडेलाही लागला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोठं कलिंगड त्याच्या हातात ठेवलं.

"हे नोव्हेंबरात कुठं ठेवलं होतंस?" गर्दीतून आवाज आला.

"थंडीने हात गारठले होते," कीनन म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

मग कुबिक काकांनी वेसला दंडाला धरून टांगलेल्या चेंडूखाली उभं केलं. "दाखव यांना," ते म्हणाले. "सहा फूट सहा इंच उंचीच्या पोराचा हात पोचत नाही, तर कुणाचा पोचणार?"

वेसने वर पाहिलं. बापाचं माप चोख होतं. चेंडू नेमका तिथेच होता, तेवढाच वर, तेवढाच पुढे. हात ताणला असता तर टाचाही उचलाव्या लागल्या नसत्या. भोवती सगळं गाव होतं, शिडीजवळ बाप कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होता, आणि तीन पावलांवर कीनन कलिंगड धरून उभा होता. आत्ता, वेसला वाटलं. बोलायचंही नाही, नुसता हात वर करायचा.

त्याने हात वर केला. कोपरात वाकलेला. बोटं चेंडूच्या वीतभर खाली थांबली.

"बघा," कुबिक काका म्हणाले. "बघितलंत ना?"

लोक हसले. कीननने कलिंगड जमिनीवर ठेवलं आणि सुटली नसलेली बुटाची नाडी बांधायला घेतली.

गाडीपर्यंत वेस त्याच्याबरोबर गेला. मार्लिनने वाटेसाठी कोलाचे बांधून दिले, कीननने "थँक यू, मॅडम" म्हणून तिला वाकून मिठी मारली. ती परत गेल्यावर वेस म्हणाला, "मी सांगायला हवं होतं. मी सांगणार होतो."

"खोलीतलं खोलीत राहतं," कीनन म्हणाला. "ते मी सांभाळलं, आणि त्याचं मला काही नाही. घाबरतो माणूस. मीपण घाबरतो." त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "पण आज तिथे कोण येत होतं रे तुझ्या अंगावर?"

वेसने गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला.

"हंगाम चांगला जाऊ दे तुझा," कीनन म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. गाडी मक्याच्या शेतांमधून दक्षिणेला निघून गेली. वेस तिथेच उभा राहिला. नोव्हेंबरातली लाज त्याला माहीत होती, ती भीतीची होती आणि तिला निदान कारण होतं. ही वेगळी होती. तिला बसायला अंगात जागाच सापडत नव्हती.

उन्हं कलली तशी जत्रा पांगली. माणसं घडीच्या खुर्च्या काखेत मारून गाड्यांकडे चालली होती, बायका रिकामी पातेली उचलत होत्या. एमिल पुन्हा शिडीवर चढला होता. चेंडू उतरवायला त्याने चाकू काढला.

"बाबा, थांबा," वेस म्हणाला.

तो चेंडूखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. कोपरं सरळ झाली, दंड कानांना लागले, आणि चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांत येऊन बसला. टाचा जमिनीवरच होत्या.

एमिल शिडीवरून बघत राहिला. त्याने आधी दोरीची गाठ पाहिली, ती सरकली नव्हती. मग त्याने मुलाचे हात पाहिले.

"पोचतोय," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हापण?"

"तेव्हापण. मी हात मागे घेतले, बाबा. घाबरलो."

एमिलने चाकू मिटला. मग खालच्या आवाजात त्याने विचारलं, "आणि हे सगळं तो पोरगा ऐकून घेत होता? माझ्या पंगतीला जेवून?"

"हो."

एमिल शिडीवरून उतरला. त्याने पाटी उपटली आणि अक्षरं आतल्या बाजूला करून बगलेत धरली. मग तो म्हणाला, "सोड आता. हात उतरव."

वेसने हात उतरवले नाहीत. कुबिक काका खुर्ची घेऊन जात होते, ते थांबले. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं थांबली. वेसचे खांदे भरून आले होते, तरी तो चेंडू धरून तसाच उभा होता, आणि एकेकाची नजर दोरीवरून खाली येत येत त्याच्या सरळ कोपरांवर थांबत होती.