दोन स्पर्धकांचा गट

चौतीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेतल्यामुळे त्याला दोन गोष्टी चांगल्या जमायच्या : चालणं आणि न बोलणं. दार उघडायचं, आतला माणूस जिन्याखाली बोट दाखवायचा, काम संपायचं. निवृत्तीनंतर दारं उघडायची थांबली. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा रविवारी फोनवर "बाबा, बरं आहे ना?" विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत त्याला दुसरा फोन यायचा.

पासष्टाव्या वर्षी तो स्पर्धेतलं चालणं शिकला. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर हवा, आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. त्यामुळे माणूस भलत्या घाईत असल्यासारखा आणि ती घाई लपवत असल्यासारखा दिसतो. सोसायटीतल्या पोरांनी "काका, बाथरूम डावीकडे!" म्हणून पाहिलं. मग तीही कंटाळली.

पासष्टच्या पुढच्या गटात त्याच्याशिवाय एकच स्पर्धक होता. दुकान बंद केलेला एक शिंपी. हा मागून चालायचा आणि चालताना अखंड बोलायचा.

"अहो मीटरवाले, तुमची चड्डी कुणी शिवली हो? त्याला माफ करा."

"अहो मीटरवाले, जावयाने गाडी घेतली. हॉर्नच फार वाजवतो."

मीटरवाल्याने कधी उत्तर दिलं नाही. उत्तराने श्वास वाया जातो. तीन वर्षांत सहा स्पर्धा झाल्या आणि सहाही सुवर्णपदकं त्याच्याकडे आली. ती कपाटात बायकोच्या चष्म्याच्या डबीशेजारी होती. या तीन वर्षांत आपल्याशी सगळ्यात जास्त बोललेला माणूस हा शिंपी आहे, हे त्याच्या लक्षात आलं ते सातव्या स्पर्धेच्या सकाळी, शिंपी वेळेवर आला नाही तेव्हा.

"गटात दोघं नसतील तर गट रद्द हं काका," यादी घेतलेल्या बाई म्हणाल्या.

"येईल," तो म्हणाला. बाईंनी दचकून पाहिलं. त्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

शिंपी आला, गुडघ्याला पट्टा बांधून. "डॉक्टरने चालायला मनाई केलीय," तो म्हणाला. "पण तुमचा गट बुडायला नको. सुरुवात केली की झालं, पूर्ण करायची सक्ती नाही. आणि तुम्हाला एक सांगायचंय."

शिट्टी वाजली. साडेसात फेऱ्या होत्या. शिंपी निम्म्या वेगाने चालत मागे पडला आणि मीटरवाल्याच्या पाठीमागे कधी नव्हे ती शांतता पसरली. दोन फेऱ्या झाल्यावर, एक फेरी जास्त मारून, त्याने शिंप्याला मागून गाठलं.

"अहो मीटरवाले, मी लेकीकडे चाललोय. कायमचा..."

पुढचं ऐकू येण्याआधी तो पुढे निघून गेला होता. वाट बघत हळू चालणं नियमात बसतं, पण हे त्याला सुचलंच नाही. सहा सुवर्णपदकं मिळवलेल्या माणसाला पुढचं वाक्य लवकर हवं असेल तर तो वेग वाढवतो. त्याने वाढवला. पंचाने पिवळी पाटी दाखवली : पाय उचलले जातायत. चौथ्या फेरीला त्याने शिंप्याला पुन्हा गाठलं.

"आजच, स्पर्धा झाली की! म्हटलं, तुम्हाला विचारावं..."

काय विचारावं? वळणावर एका पंचाने लाल कार्ड लिहिलं, पलीकडे दुसऱ्याने. शिंपी वीस पावलांवर होता. मीटरवाल्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, लांबूनही दिसावेत असे. तिसरं लाल कार्ड. तीन झाली की बाद.

त्याने छातीवरचा नंबर काढला आणि तो दोरीबाहेर उभा राहिला.

"शिंपीकाका, थांबू नका! सोनं आता तुमचंच!" बाई ओरडल्या.

शिंपी थांबला नाही. प्रत्येक फेरीला तो समोरून जायचा, पण दम लागल्यामुळे तोंडातून शब्द निघत नव्हता. बोलत होता तो मीटरवाला.

"गुडघा सरळ ठेवा."

पुढच्या फेरीला, "काय विचारायचं होतं?"

शिंप्याने हाताने खुणावलं : नंतर.

त्याच्या पुढच्या फेरीला, "लेकीचं गाव लांब आहे का हो?"

आणखी पंचवीस मिनिटांनी शिंपी रेषेवर पोचला. बाईंनी पदक घातलं, फोटो काढला. फाटकाबाहेर हॉर्न वाजून थांबला. जावयाने मैदानात येऊन सासऱ्याचा दंड धरला, "चला बाबा, डॉक्टरांना कळलं तर माझीच शोभा," आणि त्याला गाडीकडे नेलं. शिंप्याने मागे वळून तोंड उघडलं. दमामुळे शब्दच फुटला नाही. मग त्याने मीटरवाल्याच्या चड्डीकडे बोट करून मान हलवली. गाडी गेली.

"पुढच्या वर्षी तुमचा गट होणार नाही बहुतेक," बाई म्हणाल्या.

"हो," मीटरवाला म्हणाला.

घरी जाताना त्याने गुडघे हवे तसे वाकवले. बघायला कोणी नव्हतं.