बाराच्या आधी दिलेला कागद

कोल्टर काउंटीत घर घ्यायचं असो, शेत विकायचं असो, की भावाभावांनी वाटणी करून एकमेकांचं तोंड बघणं सोडायचं असो, कागद शेवटी अर्लीन हॉफस्टेटरच्या खिडकीत यायचा. एकतीस वर्षं ती कोर्टाच्या तळमजल्यावर जमिनींच्या नोंदी करत होती. कागद घ्यायचा, यंत्रात सरकवायचा, तारीख-वेळेचा शिक्का उमटला की वहीत चढवायचा. एवढ्या वर्षांत एकही शिक्का चुकला नाही असं ती स्वतःहून सांगत नसे, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नसे.

दरवर्षी एक मेला कायदा दिन. कोर्टासमोरच्या हिरवळीवर खुर्च्या मांडायच्या, शाळेतल्या मुलांनी राज्यघटनेची प्रस्तावना पाठ म्हणायची, न्यायाधीशांनी काळा झगा घालून उन्हात घामाघूम होत भाषण ठोकायचं. एल्मच्या झाडाखाली वकील टेबल टाकून फुकट सल्ला द्यायचे. गर्दी मात्र व्हायची ती अर्लीनच्या लिंबाच्या वड्यांसाठी. यंदा तिच्या नावाची सन्मानाची पाटी तयार होती आणि तिला ती नको होती.

गेल्या वर्षी एक मे गुरुवारी आला होता. कायदा दिनाला कचेऱ्या दुपारी बाराला बंद होतात. अर्लीनने त्या दिवशी बाराला दहा कमी असतानाच दिवसाची वही मिटवली, यंत्रावर खोळ घातली आणि वड्यांचे ट्रे उचलायला वळली. एवढ्यात खिडकीशी ड्वेन पोकॉर्नी उभा. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा तोच. गव्हाच्या कोठारावरून सरळ आलेला, टोपीवर भुसा.

"अर्लीनबाई, घाई दिसतेय. कायद्याला आज सुट्टी का?"

त्याने घराचा कागद पुढे केला. आपल्या माघारी घर नोरीनचं, असं त्यात लिहिलं होतं. नोरीन चौदा वर्षं त्याच्याबरोबर राहत होती. दोघांनी लग्न केलं नव्हतं, कारण केलं असतं तर तिच्या पहिल्या नवऱ्याची रेल्वेची पेन्शन बंद झाली असती. असल्या कागदाची एकच अट असते, ती म्हणजे माणूस जिवंत असताना तो कचेरीत दाखल झाला पाहिजे. सही करून ड्वेनने तो दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या खणात तसाच ठेवला होता. नोरीनने त्यावरून त्याचं डोकं खाल्लं होतं.

वही पुन्हा उघडायची तर दहा मिनिटं गेली असती. बाहेर मुलं रांगेत उभी होती आणि वड्या अजून आतच होत्या. अर्लीनने कागद घेतला, टेबलावरच्या कागदांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी पहिलं काम तुझं. आता जा, लिंबूसरबत पी." तो हसून गेला. तो पायऱ्या उतरत असताना वरच्या मनोऱ्याच्या घड्याळात बाराचे टोल पडायला लागले. ते तिने नीट ऐकले होते.

त्याच रात्री ड्वेन झोपेतच गेला. बातमी तिला शुक्रवारी सकाळी कॉफीच्या दुकानात कळली. कचेरीत येऊन ती कोट न काढताच कागदांच्या ट्रेसमोर उभी राहिली. शिक्क्याची तारीख मागे फिरवायला एक चाक असतं. कुणाला कळलंही नसतं, पण तो खोटेपणा झाला असता आणि खोटा शिक्का तिच्या हातून पडणं शक्य नव्हतं. तिने कागद यंत्रात सरकवला. शुक्रवार, दोन मे, सकाळी आठ वाजून चार मिनिटं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

जूनमध्ये ड्वेनच्या पुतण्याने डेन्व्हरहून वकील आणला. वकिलाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. ड्वेनचा मृत्यू गुरुवारी रात्रीचा आणि शिक्का शुक्रवारी सकाळचा. मग कागद आला कसा? कचेरीच्या दाराला टपालाची फट आहे. म्हातारा बंद झाल्यावर आला असेल आणि फटीतून टाकून गेला असेल, असं तो म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. अर्लीनला साक्षीला बोलावलं. हात वर करून शपथ घेतल्यावर वकिलाने एकच विचारलं, हा शिक्का तुमचाच ना? ती हो म्हणाली. पुढे कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेळेआधी वही मिटवून वड्या वाटायला गेल्याचं भर कोर्टात बोलावं लागलं असतं. घर पुतण्याचं झालं आणि ऑगस्टमध्ये त्याने ते विकूनही टाकलं.

कचेरीत तिच्या खुर्चीमागे नियमांचं जाड पुस्तक असतं. नव्या मुलींना ती स्वतः त्यातून शिकवायची. त्या जूनपासून मात्र तिने ते उघडलं नव्हतं.

यंदा कार्यक्रमाला अजून अवकाश होता. एल्मखालच्या टेबलाशी मरीसा नावाची तरुण वकील एकटीच वड्या खात बसली होती. अर्लीन तिच्यासमोर बसली आणि एका मैत्रिणीसाठी म्हणून विचारू लागली. समजा एखाद्याने कचेरीच्या वेळेत कागद कारकुनाच्या हातात दिला, पण शिक्का दुसऱ्या दिवशी पडला, तर तो दाखल कधी झाला म्हणायचा?

मरीसाने हात पुसले. "हातात दिला तेव्हाच, मॅडम. शिक्का फक्त नोंद असते. नोंद चुकली तरी देणाऱ्याने दिलेलं खोटं होत नाही. हे तर तुम्ही मला शिकवायचं."

"आणि आता वर्ष झालं असेल तर? घर विकलं असेल तर?"

मरीसाने खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "तर फार कठीण आहे. अपिलाची मुदत गेली आणि घेणाऱ्याने काही ठाऊक नसताना, सरळपणे घेतलं. तुमच्या मैत्रिणीने तेव्हाच बोलायला हवं होतं."

म्हणजे चाक मागे फिरवायची गरजच नव्हती. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आपण खोटेपणा टाळला असं अर्लीन वर्षभर स्वतःला सांगत आली होती, आणि खोटा होता तो तिचा शुक्रवारचा शिक्काच.

न्यायाधीशांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली, पाटी घेतली, फोटो काढून घेतला. एकतीस वर्षांत एकही चूक नाही, असं न्यायाधीश म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती मान खाली घालून उभी राहिली. टाळ्या थांबल्यावर ती गाडीत बसली, पाटी मागच्या सीटवर टाकली आणि निघाली.

नोरीन आता धुलाईच्या दुकानामागच्या एका खोलीत राहत होती. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. अर्लीनने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. दहा मिनिटं आधी मिटवलेली वही, ट्रे, शुक्रवारचा शिक्का, शपथ, सगळं. मरीसाकडे जाऊन मी लिहून देते, नोकरी गेली तर जाऊ दे, असंही ती म्हणाली. नोरीन शिव्या देईल, तोंडावर दार आपटेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

नोरीनने घराचं नावही काढलं नाही.

"हातात दिला त्याने? तुझ्या हातात?"

"माझ्या हातात. बाराच्या आधी."

नोरीन दाराच्या चौकटीला टेकली. "त्या रात्री जेवताना मला म्हणाला, दिला गं बाई कागद, अर्लीनच्या हातात दिला, आता तुला इथून कुणी उठवत नाही. मग कोर्टात तो वकील फटीचं बोलला. मला वाटलं, हा बारमध्ये बसला असेल, वेळ गेल्यावर टाकून आला असेल आणि घरी येऊन मला थाप मारली. बार सोडला असा शब्द दिला होता त्याने मला. मला वाटलं, तो शब्दही खोटाच."

"तू मला का नाही विचारलंस, नोरीन?"

"तुला काय विचारायचं? तू तर कधी चुकत नाहीस."

अर्लीनला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि ते वाटून कुणाचंच काही भलं होणार नव्हतं हेही तिला कळत होतं.

"दफनाच्या दिवसानंतर मी त्याच्याकडे गेलेच नाही," नोरीन म्हणाली. "त्याच्या वाढदिवसालासुद्धा नाही. रागात होते." तिने दारामागचा कोट ओढून काढला. "गाडी आणलीयस ना? मला तिथे सोड."

दफनभूमी गावाबाहेर, कोठारांच्या पलीकडे. फाटकाशी अर्लीनने इंजिन बंद केलं आणि दाराला हात लावला, तेव्हा नोरीन म्हणाली, "तू इथेच बस." अर्लीन बसून राहिली. काचेतून तिला दिसत होतं, नोरीन ड्वेनच्या थडग्यासमोर गवतात गुडघे टेकून बसली होती आणि हातवारे करत काहीतरी सांगत होती. दुरून गावातल्या मनोऱ्याचे टोल ऐकू आले. अर्लीनने ते मोजले नाहीत. नोरीनचं बोलणं बराच वेळ चाललं होतं.